रोखीचा डाव

‘ऐच्छिक’ हा शब्द आपल्या संसारी बायकांच्या चांगलाच परिचयाचा आहे. शाळेच्या वहीत सूचना येते, ‘सहलीची वर्गणी ऐच्छिक आहे.’ गणपतीचे कार्यकर्ते दारात उभे राहून सांगतात, ‘वहिनी, सक्ती नाही हं, ऐच्छिक आहे,’ आणि शेजारच्यांनी किती दिले ते पावतीपुस्तकाचे पान नेमके आपल्यासमोर धरतात! पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापलेले असते, तरी आपण पर्समध्ये पाकीट ठेवूनच निघतो. द्यायचे की नाही हे आपल्या हातात असते, हे खरे. पण न देणाऱ्याकडे लोक कसे बघतात हे ठाऊक असले, की ते आपल्या हातात कितपत उरते?

हाच शब्द आता मुलांच्या मोबाईलमधल्या खेळांतून घरात शिरला आहे. खेळ फुकट मिळतो. फोनवर उतरवून घ्यायला एक पैसा पडत नाही. आत गेले की मात्र एक दुकान थाटलेले असते. तिथे पोशाख असतात, हत्यारे असतात, बंद पेट्या असतात. घ्यायची सक्ती कुणावरच नसते. ज्याला हौस आहे त्याने घ्यावे, नाही त्याने तसेच खेळावे. ऐकायला किती सरळ वाटते, नाही का?

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या धाकट्याने लकडा लावला, “आई, फक्त दीडशे रुपयांचे हिरे घेऊन दे ना गं!” हिरे! माझ्या नाकातल्या चमकीतसुद्धा साधा खडा आहे, आणि हा आठवीतला मुलगा हिरे मागतो! हे वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाले, “एक पैसा मिळणार नाही.” सासूबाई म्हणाल्या, “आमच्या सागरगोट्यांना कधी दमडी पडली नाही बाई.” पोरगा तोंड पाडून बसला.

मला मात्र वाटले, आपण मंडईत वांगीसुद्धा उलटीपालटी करून बघतो, मग हे दुकान न बघताच नाही कसे म्हणायचे? दुपारची झाकपाक झाली की मी रोज त्याच्याशेजारी बसू लागले. म्हटले, “तुझा खेळ राहू दे. मला दुकान दाखव.” आधी त्याला संशय आला. मग तो असा काही रंगून दाखवू लागला, की विचारू नका!

आठ-दहा दुपारी गेल्यावर माझ्या ध्यानात आले, की दुकानातला सगळाच माल एका तागडीत घालून चालणार नाही. त्यात निदान चार जातीचा माल आहे.

पहिली जात पोशाखाची. बीजीएमआय, फोर्टनाइट असल्या खेळांत आपल्या बाहुल्याला घालायचे कपडे, टोप्या, बंदुकीवरचे रंग विकत मिळतात. सोनेरी कोट घातला म्हणून नेम काही चांगला लागत नाही. ही प्रथा तशी फार जुनी नाही. २००६ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ नावाच्या परदेशी खेळात घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला विकायला काढले, तेव्हा खेळणाऱ्यांनी त्याची भरपूर टिंगल केली होती. आज तेच सर्रास चालते. मला स्वतःला यात फारसे वावगे दिसत नाही. भातुकलीतल्या बाहुलीला आपण खणाचे परकर शिवत होतोच की! ज्याला हौस आहे त्याने ती आपल्या पैशाने करावी. त्यात दुसऱ्याच्या ताटातले काही उचलले जात नाही. शिवाय खेळ बनवणाऱ्यांनाही पोट आहे. चित्रे काढणारे, ती हलवणारे, रात्रंदिवस यंत्रे चालू ठेवणारे, या सगळ्यांचा पगार कुठून तरी निघायला हवा. थोडे लोक हौसेने पैसे देतात म्हणून बाकीच्यांना खेळ फुकट मिळतो. एखाद्या घरी सत्यनारायण असला की गल्लीभर प्रसाद पोचतो, तसेच म्हणा.

दुसरी जात वेळेची. ही आपल्यापैकी पुष्कळजणींना माहीत असेल, कारण ‘कँडी क्रश’ फक्त मुलेच खेळतात असे थोडेच आहे! २०१२ मध्ये निघालेल्या या खेळात आपल्याला पाच जीव मिळतात. हरले की एक जातो, आणि गेलेला जीव अर्ध्या तासाने भरून येतो. पाचही गेले तर सगळे भरायला अडीच तास. थांबवत नसेल तर पैसे मोजा आणि लगेच खेळा. त्याच वर्षी फिनलंडमधल्या कंपनीने काढलेल्या ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’मध्ये गाव वसवायचे असते. सुरुवातीला भिंत मिनिटात उभी राहते, पण पुढेपुढे एकेका इमारतीला दिवसच्या दिवस लागतात. हिरवी रत्ने दिली, की गवंडी क्षणात काम पुरे करतात. ती रत्ने थोडी थोडी फुकटही मिळतात, पण ढिगाने हवी असतील तर रोख मोजावे लागते.

याला वाजवी म्हणावे की नाही, यावर मी बराच विचार केला. माझ्यासारखीचे काही अडत नाही. जीव भरेपर्यंत माझे तांदूळ निवडून होतात, चहा होतो. ज्याला धीर आहे त्याला तेच सगळे फुकटात मिळते, तेव्हा अन्याय झाला असे म्हणता येत नाही. पण एक गोष्ट मनात सलत राहते. हा उशीर काही निसर्गाने केलेला नाही. दूध विरजायला वेळ लागतो तो दुधाचा गुण आहे, इथला वेळ दुकानदाराने घातलेला आहे. आधी वाटेत भिंत घालायची आणि मग शिडी विकायला बसायचे, असा हा धंदा!

तिसरी जात ताकदीची, आणि खरी कळ इथेच आहे. पैसे भरले की बंदूक जास्त मार करते, चिलखत जास्त टिकते. म्हणजे हिऱ्यांनी नुसता कोट मिळत नाही, डाव मिळतो. धाकट्याला हवे होते ते हेच. खेळाचे नाव सांगत नाही, पण आमच्या इमारतीतली सहा-सात मुले तो एकत्र खेळतात. तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. त्यांचा मुलगा या सगळ्यांत तरबेज. जुना, काचेला तडा गेलेला फोन, पण डोळा असा तीक्ष्ण की जिन्यात बसून तो सगळ्यांना हरवायचा. सुट्टी लागली तशी एकेकाने हिरे घेतले. पंधरा दिवसांत तो मुलगा शेवटच्या नंबरावर गेला. मग जिन्यात यायचाच बंद झाला. मी विचारले, “काय रे, दिसत नाहीस हल्ली?” तर म्हणाला, “काकू, कंटाळा आला त्या खेळाचा.” तेरा वर्षांच्या मुलाला आवडत्या खेळाचा असा अचानक कंटाळा येत नसतो, हे आपल्याला काय कुणी सांगायला हवे?

आपल्या लहानपणच्या खेळांत सवलत नव्हती असे नाही. धाकट्या भावंडाला आपण ‘कच्चा लिंबू’ करत होतो. तो बाद झाला तरी त्याच्यावर राज्य येत नसे. पण ती सवलत दुबळ्याला होती. सगळ्यांनी मिळून, समजून उमजून दिलेली होती. इथे सवलत मिळते ती ज्याच्या बापाचे पाकीट जाड त्याला, आणि इतरांना कुणी विचारतसुद्धा नाही. लुडोचेच बघा. टाळेबंदीत घरोघरी खेळला गेलेला ‘लुडो किंग’ हा आपल्या नवी मुंबईच्या कंपनीने २०१६ मध्ये काढलेला खेळ. त्यात समजा कुणी हौसेने सोनेरी फासा घेतला तर घेऊ दे, सासूबाईही कौतुकाने बघतील. पण पाच रुपयांत हमखास सहा पडणारा फासा कुणी विकायला काढला, तर त्या पट उधळून उठतील की नाही?

हे फक्त आपल्यासारख्या काटकसरी लोकांनाच वाटते असेही नाही. ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट दोन’ नावाचा मोठा खेळ २०१७ च्या नोव्हेंबरात बाजारात आला. खेळाची किंमतच ६० डॉलर. तरीही आत पुन्हा पेट्या विकायला ठेवलेल्या, आणि त्या पेट्यांतून लढाईत उपयोगी पडणाऱ्या शक्ती निघायच्या. जगभरच्या खेळणाऱ्यांनी इतका गदारोळ केला, की कंपनीला ती विक्री ऐन वेळी बंद करावी लागली. २०१८ मध्ये दुकान पुन्हा उघडले ते फक्त पोशाखांपुरते. ताकद ज्याने त्याने खेळूनच मिळवायची असे ठरले. म्हणजे गिऱ्हाइकांनी एकजूट केली तर दुकानदार ऐकतो!

हे सगळे मी धाकट्याला समजावले. तो ऐकत होता. मग शांतपणे म्हणाला, “आई, एक विचारू? ताईला बारावीचा एवढा महागडा क्लास लावलात ना? खालच्या काकूंच्या मुलाला पुढे तसला क्लास मिळणार आहे का? मग ते पैसे भरून जिंकणं नाही का?”

खरे सांगते, हातातली कणीक तशीच राहिली. सासूबाई जपाची माळ ओढायच्या थांबल्या. यांनी पेपर खाली ठेवला.

मी म्हटले, “क्लास लावला तरी अभ्यास ताईलाच करावा लागतो. परीक्षेत पेपर सगळ्यांना एकच असतो. पैसे भरले म्हणून तिच्या उत्तराला दुप्पट मार्क पडत नाहीत.” तो म्हणाला, “हो, पण तयारी तर जास्त होते ना?” आता यावर काय बोलणार! होतेच. जग काही सारखे वाढलेले ताट नाही, हे मी त्याच्यापासून लपवून काय उपयोग? मग मी म्हटले, “बाळा, बाहेर सगळीकडे असं आहे म्हणूनच तर माणसांनी खेळ काढले. पटावर बसलं की राजाची सोंगटी आणि रंकाची सोंगटी एकाच घरातून निघते. निदान तेवढी एक जागा तरी सारखी असावी की नाही? तिथंही आपण पैशांची थैली घेऊन बसलो, तर मग खेळ कशाला म्हणायचं त्याला?” तो काही बोलला नाही. माझे उत्तर पुरे होते असे मलाही वाटत नाही. पण ‘गप्प बस, मोठ्यांना उलट बोलू नकोस’ यापेक्षा ते बरे होते, एवढे नक्की.

चौथी जात बंद पेट्यांची. पेटीत काय आहे ते न सांगता ती विकायची. उघडली की कधी भारी माल निघतो, बहुतेक वेळा फुटकळ. जत्रेत चक्री फिरवणारा बसतो, त्याच्याकडे आपण मुलांना फिरकू देत नाही, आणि इथे ती चक्री खिशात घेऊन मूल झोपते. दुकानांतली ही जात मला सगळ्यांत वाईट वाटते, आणि त्यात मी एकटी नाही. जपानमध्ये २०१२ सालीच, अशा सोडतींतून निरनिराळ्या वस्तूंचा संच पुरा केला की बक्षीस देण्याच्या प्रकारावर बंदी आली. बेल्जियमच्या सरकारी मंडळाने २०१८ मध्ये पैसे घेऊन विकलेल्या अशा पेट्यांना सरळ जुगार ठरवले. दक्षिण कोरियात तर कमालच झाली. तिथल्या ‘मेपलस्टोरी’ या खेळात असल्याच सोडतीतून शक्ती मिळायची. हव्या त्या शक्ती निघण्याची शक्यता कंपनीने गुपचूप कमी केली, काही जोड्या तर कधीच निघणार नाहीत अशी व्यवस्था केली, आणि लोक पैसे घालतच राहिले. २०२४ च्या जानेवारीत तिथल्या व्यापार आयोगाने नेक्सॉन या कंपनीला सुमारे १,१६० कोटी वॉन, म्हणजे सत्तर कोटी रुपयांहून जास्त, दंड ठोठावला. चक्रीवाल्याच्या चक्रीला निदान आपण हात लावून बघू शकतो. इथली चक्री कुणाच्याच डोळ्यांना दिसत नाही.

या चारही जातींवर पांघरूण घालणारी एक युक्ती आहे, ती हिशेब ठेवणाऱ्या बायकांनी जरूर ओळखावी. किंमत रुपयांत लिहिलेली नसते. आधी रुपये देऊन हिरे किंवा नाणी घ्यायची, मग त्या हिऱ्यांनी वस्तू. त्यात गठ्ठे असे बांधलेले, की हवी ती वस्तू घेतली तरी थोडे हिरे उरतात आणि पुढच्या वस्तूला थोडे कमी पडतात. आनंदमेळ्यात कुपनांचे पुस्तक घ्यायला लावतात आणि शेवटी दोन कुपने हातात राहतात, तसेच! मुलाला आपण दीडशे रुपये खर्च केले असे वाटतच नाही. ‘हिरे संपले’ एवढेच वाटते.

कायदा काय करतो, असे कुणी विचारील. अमेरिकेत २०२२ च्या डिसेंबरात, फोर्टनाइटच्या कंपनीला गिऱ्हाइकांच्या परताव्यासाठी साडेचोवीस कोटी डॉलर भरणे भाग पडले. बटणे अशी ठेवलेली, की चुकून बोट लागले तरी खरेदी व्हायची, आणि मुले पालकांना न विचारता खर्च करायची, असा तिथल्या सरकारी आयोगाचा आरोप होता. आपल्याकडे २०२३ च्या नोव्हेंबरात, ऑनलाइन विक्रीत गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या १३ युक्त्यांविरुद्ध नियम निघाले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, ते फार चांगले झाले. पण तुमच्या-आमच्या मुलाने बाहुल्याचा कोट घेतला किंवा गवंड्याला घाई केली, तर तो काही पैसे लावून खेळलेला जुगार नव्हे. बीजीएमआय २०२१ मध्ये आपल्याकडे आला तेव्हा १८ वर्षांखालच्या मुलांना पालकांची परवानगी हवी, आणि त्यांनी दिवसाला ७,००० रुपयांपेक्षा जास्त खर्च करू नये, अशी मर्यादा जाहीर झाली होती. दिवसाला सात हजार! आमच्या पाच माणसांचे महिन्याचे वाणसामान त्यात येते. दुकानदाराने घातलेली मर्यादा त्याच्या गल्ल्याच्या मापाची असते. आपल्या घराचे माप आपणच घ्यायला हवे.

म्हणून आम्ही घरात बसून काही गोष्टी ठरवल्या. कुणाला उपयोगी पडतील म्हणून सांगते. काहीही मागताना किंमत हिऱ्यांत सांगायची नाही, रुपयांत सांगायची, आणि ती धाकट्याने स्वतः हिशेबाच्या वहीत लिहायची. मागितले त्या दिवशी घ्यायचे नाही, एक रात्र मध्ये जाऊ द्यायची. निम्म्याहून जास्त मागण्या त्या रात्रीतच विरघळतात, असा माझा अनुभव आहे. बंद पेटी कधीही नाही. ताकद विकत घ्यायची नाही, कारण तिने दुसऱ्याचा डाव जातो. पोशाख मात्र वाढदिवसाच्या किंवा दिवाळीच्या पैशांतून, त्याच्या मनाप्रमाणे. त्यात ‘काय हा भडक रंग’ असे आम्ही म्हणायचे नाही! फोनमध्ये प्रत्येक खरेदीआधी पासवर्ड विचारण्याची सोय असते, ती लावून घेतली. आणि यूपीआयचा पिन मुलांना सांगायचा नाही, मग ‘आई, तू भाजी चिर, मी पैसे पाठवतो’ असे ते कितीही प्रेमाने म्हणोत!

त्या खेळातच एक प्रकार असा निघाला, की त्यात सगळ्यांना सारखीच हत्यारे मिळतात. धाकट्यानेच तो शोधला आणि इमारतीतल्या मुलांपुढे ठेवला. दोघांनी कुरकुर केली. साहजिक आहे, त्यांचे हिरे वाया गेले ना! पण रविवारचा डाव तसा खेळायचे शेवटी ठरले. तळमजल्यावरचा मुलगाही येऊ लागला. रोज नाही, रविवारी तेवढा.

हे ठरायच्या आधी एकदा त्याची आई माझा ब्लाउज द्यायला वर आली होती. पिशवी हातात देऊन जराशी घुटमळली. मग म्हणाली, “वहिनी, ते हिरे का काय म्हणतात, ते कितीला येतात हो?” मी सांगितले, दीडशे रुपये. तिने मनात हिशेब केला. दोन साड्यांचे फॉल-पिको. म्हणाली, “करेन की. रात्री थोडं जास्त बसेन.” मी तिला आत बसवले आणि मला कळले होते ते सगळे सांगितले. हे दीडशे संपले की पुढचे दीडशे लागतात, यात कुणी कायमचे जिंकत नाही, ते आवर्जून सांगितले. तिने नीट ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे त्याला खेळता येत नाही म्हणून तो हरत नाही ना?”

“छे हो!” मी म्हटले, “खेळायला तर तो सगळ्यांत चांगला आहे.”

“मग झालं तर,” ती उठत म्हणाली. “हे त्याला सांगते. चार दिवस झाले, मला येतच नाही असं म्हणून नीट जेवत नव्हता.”